बाबासंगं बाहेर खाल्लं त्या जागा

उन्हाळ्यात जाऊबाई पुन्याहून आलत्या. त्याइच्या मालकाले, माह्या दिराले, कंपनीनं फ्रान्स देशात धाडलं होतं, जाऊबाईबी संगं गेलत्या, तिकडचे फोटो मोबाइलमंदी दाखवत होत्या. मले वाटलं मोठमोठ्या बिल्डिंगा असतीन, तं खेडंच होतं ते. दगडाचे घरं अन् मंग नुसते द्राक्षाचे मळे, आपल्याकडं कापसाच्या पऱ्हाटीचे तास असते ना तशा रांगाच रांगा. त्या मळ्यातच टेबलं मांडून लोकं जेवत होते, म्हातारे, लेकरं, बाया, सगळे एका टेबलावर. जाऊबाई म्हने, "शहरातले लोक गाडी काढून या खेड्यांत जेवायला येतात गं, कोणत्या गावात काय चांगलं मिळतं त्याची पुस्तकंसुद्धा असतात."

एका फोटोत एक म्हातारा होता, त्यानं हे एवढं तोंड उघडून घास घेतला होता, समोर एक पोरगी हासून राह्यलती, त्याची लेकच असन. जाऊबाईनं बोटानं पुढचा फोटो आनला तं मी म्हनलं, मागचा दाखवा ना एकडाव. मले त्या म्हाताऱ्याचं तोंड पाहाचं होतं.

मंग त्याइनं इचारलं, "आणि तुमच्याकडे? बाहेर खायचं तर कुठे जायचं?"

मी म्हनलं, "कुठीच नाही. अठी काय हाय."

लेकरू रडलं म्हनून मी उठली, पन ते बोलनं माह्या मनातून जाऊनच नाही राह्यलं, कारन माह्याएवढं बाहेर खाल्लेली बाई आमच्या गावात दुसरी नसन. आता लेकरू झोपलं हाय तवर लिहून राह्यली. आठवीलोकच शिकली मी, अन् लिहाले बसलं की जीव घाबरते, कोनी आलं का, लेकरू उठलं का, बाबाचा फोन आला का. पन जाऊबाईले जे सांगतलं नाही ते कुठीतरी लिहून ठेवाव वाटते.

माहा बाबा पिकप चालवते. ढाणकी माहं माहेर, तिथून व्यापाऱ्याइचा माल तो बाजाराबाजारानं नेते, कांदे, लसन, मिरची. माहं लगन झालं घाटंजीजवळच्या खेड्यात. ढाणकी काही जवळ नाही, पन घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी बाबाची गाडी इकडं येच, म्हनून माय म्हने, लेक बाजाराच्या वाटेवर देल्ली.

पन तो माह्या घरी जेवे नाही. आमच्यात लेकीले लेकरू होइलोक बाप तिच्या घरचं अन्न खात नाही. आता कितीक जनाइनं सोडून देल्लं हे, पन बाबाले त्याच्या मायनं शिकवलं होतं अन् ती गेल्यावर त्यानं ते जास्तच धरलं. अन्न तं सोडा, पानीबी नाही. भर मे महिन्यात यायचा, ओट्यावर बसायचा, सदरा पाठीले चिकटलेला, माही सासू थंड पान्याचा तांब्या समोर ठेवे तं म्हने, "आत्ताच पेलो इनबाई, मोडावरच पेलो." मले दारातून त्याचे सुकलेले ओठ दिसे. मोडावर कोनता नळ होता जसा.

अन् मले लेकरू लवकर झालंच नाही. एक वर्स गेलं, दुसरं गेलं, अजून गेलं. लोकं जे बोलाचं ते बोलेच, पन मले त्याच्यापेक्षा एकच वाटे, की माह्या बाबाचा तांब्या माह्याच्यानं भरेल्लाच राहून राह्यला.

मंग बाबानंच रस्ता काढला. बाजाराच्या दिवशी सकाळीच फोन करे, "बाई, भूक लागली का?" म्हंजे तो घाटंजीत पोचला. मी पिशवी घेऊन निघो, भाजीपाला तं आनाचाच राहे. सासू चुलीपासून म्हने, "चालली हाटेलात? घरच्या भाकरी कोनी खाची, मांजरीनं?" एकडाव तीच म्हनली, "जाय जाय, बापलेकी आहा, भांडत तं नाही जात ना." ती तशीच हाय, एका हातानं चिमटा काढते अन् दुसऱ्यानं तेल लावते.

पहिली जागा म्हंजे स्टँडच्या मांगची कढीवाली. टिनाचं शेड, दोन बाकडे, एक म्हातारी अन् मोठी कढई. मिरचीचे भजे, आलुबोंडे, अन् वरून वाटीत पिवळीजर्द कढी, कढीपत्ता तरंगलेला. ती कढी पाहिजे तेवढी घ्या, म्हातारी नाही म्हनत नव्हती. बाबा गरम आलुबोंडा अख्खाच्या अख्खा तोंडात टाके. गाल फुगे, डोये पान्यानं भरे, अन् तसाच माह्याकडं पाहून मान डोलवे. मी म्हनो, "बाबा, लोकं पाह्यते." तो भरल्या तोंडानं म्हने, "पाहू दे, तिकीट नाही लावलं." म्हातारी कढईपासून म्हने, "या डायवरचं तोंड हाय का गाडीचा मांगचा डाला?" आम्ही तिघंबी हासो.

दुसरी जागा गॅरेजच्या गल्लीत, एका मुसलमान चाचाचं हॉटेल. बाहेरून सगळं काळं, शेजारी टायरचे ढीग अन् वेल्डिंगच्या ठिनग्या उडून राह्यलेल्या, मले पहिल्या खेपी आत जावच वाटलं नाही. बाबा म्हने, थांब. तो एकटाच आत गेला, सगळीकडं पाहून आला, मंग हातानं बलावलं. आतमंदी हिरवा पडदा लावून एक जागा केलती, बायालेकराइसाठी, एक टेबल, एक पंखा. चाचा गल्ल्यावरून ओरडे, "बेटी आयी है, पंखा चालू करो." तिथचा दालचा-भात मी कधी इसरनार नाही. बाबा पडद्याच्या बाजूनं बसे, पाठ बाहेर, तोंड माह्याकडं. मले वाटे पंख्याची हवा त्याले लागत नाही तिथी, तरी काहून तिथंच बसते. म्हनून इचारलं तं म्हने, "मले अठूनच गाडी दिसते." गाडी तं दुसऱ्या गल्लीत उभी राहे.

अन् केळापूरची जत्रा. नवरात्रात बाबाले तिकडचा माल होता, म्हनला चाल, दर्शन होईन, सासूले मीच फोन करतो. तिथं हॉटेलं होते, जिलेबीचे, भज्याचे, पन आम्ही जेवलो ते झाडाखाली. लोकं नवस फेडाले येते ना, शेनाच्या गवऱ्याइवर कनकेचे रोडगे भाजते, वांग्याची भाजी करते, अन् जो दिसन त्याले बोलावते. एका घरच्या माणसाइनं आम्हालेबी बोलावलं, "या हो पावने, पंगतीले बसा." फोडलेल्या रोडग्यात ती बाई गरम तूप ओतत आली, माह्यापाशी थांबली, माही रिकामी कड पाहून काही न इचारताच म्हनली, "पुढच्या साली तुम्ही आमाले बोलावजा." मी खाली पत्रावळीकडं पाह्यलं. बाबा म्हने, "बोलावू ना. रोडगे मी सोता भाजीन." तिथून घरी येतपर्यंत गाडीत तो खर्राच चघळत राह्यला.

तो खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून देते ते. गाडी चालवनाऱ्याइले झोप येऊ नाही म्हनून लागते म्हने. बाबाच्या खिशात दोनतीन पुड्या राहेच. मी लहान होती तवापासून तो वास म्हंजेच बाबा, मले त्याचं भेव कधी वाटलंच नाही.

मी त्याले म्हनो, तुमी त्या हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खाता ना, आम्हाले घरी येऊन वर्नन सांगता, मले एकडाव न्या ना तिथी. तो म्हने, "तिथची शेवभाजी तुले तिखट लागन." मी मिरची कच्ची खानारी, मले कायची तिखट लागते. आता समजते मले. तिथं नुसत्या खाटा, सगळे डायवरच डायवर, लेकीले बसवाले पडदा नाही. तो जेवन पाहून हॉटेल धुंडतच नव्हता. माहं बसनं पाहून धुंडे, अन् मंग तिथं जे भेटन ते चांगलं हाय म्हने. एवढ्या वर्साइत मी एकडावबी म्हनलं नाही की बाबा, हे मले दिसलं.

मंग देव पावला, मले दिवस राह्यले, लेक झाली. यवतमाळच्या दवाखान्यात बाबा आला, लेकराले हातात घेतलं, मान धराले भेला तो, मायनं हात लावला. माह्याकडं पाहून म्हने, "आता पेतो पाय तुह्या घरचं पानी. घटाघटा पेतो."

पेला असता तं बरं झालं असतं. सव्वा महिन्यानं मी सासरी आली तवाच येऊन, ओट्यावर बसून, एक गिलास.

पन सासू म्हनली, असं नाही. इवाई पहिल्यांदा अन्न घेईन या घरचं, तं काय कोरडं पानी द्याचं का? आवतन धाडू, पुरन घालू, वडे करू, त्याइले कपडे करू, मंग. तिचं काही खोटं नव्हतं, ती मानासाठीच म्हनत होती, एवढे वर्सं तिचाबी तांब्या परत जात होता. बाबालेबी ते पटलं. फोनवर म्हने, "बरोबर हाय इनबाईचं. बसाचं तं पाटावर बसू." मलेबी मनातून लई बरं वाटलं, की माह्या बाबाचा पाट मांडनार.

पन तवाच कापूस फुटला, येचाले बाया भेटत नव्हत्या, सासू पहाटपासून वावरात. मंग सासूचा भाऊ वारला, म्हनून घरी कढई चढवाची नव्हती, गोड कराचं नव्हतं. ते सरलं तं लेकराले ताप आला, उतरे अन् चढे, मी रातदिस तिच्या उशाशी, मले वाटे आता काही होते हिले. एक एक करून पुढंपुढंच गेलं ते आवतन. कोनाचा दोष म्हनू. सगळे चांगलं कराचं म्हनूनच थांबले होते.

अन् तवर बाजार चालूच. आता मी लेकराले कडेवर घेऊन जावो. कढीवाली तिच्या गालाले पिठाचं बोट लावे, नजर नाही लागली पायजे म्हने. बाबा आता आलुबोंडा हातानं फोडे, बारीक बारीक तुकडे करे, कढीत बुडवे, मंग खाये. मले वाटलं नातीले दाखवून राह्यला कसं खाचं ते. मंग तो मिरचीचे भजे सांगतच नव्हता, मले म्हने तू खाय. मंग आलुबोंडाबी नाही, नुसती कढी, दोन वाट्या, तीन वाट्या. मी म्हनलं, "बाबा, तुमाले कढीचंच येड लागलं." तो म्हने, "म्हातारा झालो बाई, कढीच बरी." अन् हासे तं तोंडावर हात ठेवून. बाबा कधी तोंड झाकून हासनारा मानूस नव्हता.

कढीवालीनंच सांगतलं. बाबा हात धुवाले गेलता, ती झारा खाली ठेवून माह्यापाशी आली, म्हने, "बाई, माहा मालक असाच कढीवर आला होता. तुह्या बाबाले तोंड उघडाले लाव."

तो आला, मी लेकराले बाकड्यावर बसवलं अन् म्हनलं, "बाबा, आ करा."

"कायले?"

"करा ना."

त्यानं केलं. जेवढं केलं तेवढंच त्याच्यानं होत होतं. मी माहं बोट पुढं केलं जसं लेकराचे दात पाह्यतो आपन, एक बोट गेलं, दुसरं गेलंच नाही. आतमंदी सगळं पांढरं, फिक्कट, गालाची चामडी ताठ जशी दोरी. एका बाजूले जखम होती. ज्या तोंडात अख्खा आलुबोंडा जाये ते हे तोंड. मले काहीच आयकू येत नव्हतं, कढईतलं तेलबी नाही. बाबा म्हने, "घाबरू नको, मलम लावून राह्यलो." लेकरू बाकड्यावरून पडता पडता त्यानंच धरलं.

यवतमाळले नेलं. डॉक्टरनं त्या जखमेचा तुकडा काढून तपासाले धाडला. खर्रा बंद म्हनलं, तो तं बाबानं त्याच दिवशी दवाखान्याच्या गेटवर टाकला, खिसे उलटे करून दाखवले मले. काय निघते ते अजून समजलं नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो.

मी घरी येऊन सासूले सांगतलं. ती तांदूळ निवडत होती, सूप तसंच खाली ठेवलं. मंग म्हनली, "उद्याच आन त्याइले. आता कोनाचं काही पाहाचं नाही."

दुसऱ्या दिवशी माहे मालक बाबाले गाडीवर घेऊन आले. मी सकाळपासून उठलेली, पुरन शिजवलं, वडे केले, खीर, भजे, कढी, सगळं. सासू म्हने, "एवढं कायले करतं, त्याइच्यानं खानं होईन का?" मी म्हनलं, "ताट तं भरलं पायजे." मंग ती सोताच वडे तळाले आली. पाट मांडला, रांगोळी काढली. बाबानं पाय धुतले, आत आला. माह्या लगनाले एवढे वर्सं झाले, तो त्या दिवशी पहिल्यांदा माह्या घरच्या चुलीसमोर आला. सगळीकडं पाह्यलं, भांड्याची मांडनी, लेकराचा झोका, चूल, जसा चाचाच्या हॉटेलात पाहून आलता तसा. म्हने, "हॉटेल चांगलं हाय. पंखा हाय का?"

सासू म्हने, "हाय इवाईबुवा, पन लाइन गेली."

तो हासला, तोंडावर हात ठेवून.

पहिले मी पानी देल्लं. त्यानं गिलास तोंडाले लावला, अर्धं हनवटीवरून सदऱ्यावर गेलं. पन घोट गेले. मी मोजून नाही पाह्यले, पन आवाज आयकला घशाचा. मंग तो ताटाकडं वळला. पुरनाच्या पोळीचा नखाएवढा तुकडा तुपात भिजवला, दाताच्या फटीतून आत सरकवला, अन् डोये मिटले, चव लागून नाही, जखमेले लागलं म्हनून. दुसरा तुकडा हातातच राह्यला. सासूनं तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, म्हनली, "राहू द्या. मान झाला." खीर देल्ली चमच्यानं तं चमचाच आत जाईना, दातावर वाजला. सगळे एकमेकाइकडं पाहाले लागले. वडे थंडे होत होते.

लेकीची जेवाची येळ झालती. तिच्यासाठी मुगाच्या वरनाचं पातळ पानी केलतं, अन् बोंडल्यात काढून ठेवलं होतं, ते चोचीचं लहान भांडं राह्यते ना, ज्यानं लेकराले पाजते, ते. बाबानं त्याच्याकडं पाह्यलं, मी बाबाकडं पाह्यलं. मी बोंडलं उचललं, त्याच्यापाशी बसली अन् चोच त्याच्या दाताच्या फटीत ठेवली. ती बरोबर गेली. मी हळूहळू तिरपं केलं जसं लेकीले करतो तसंच, एक हात त्याच्या मानेमांगं. एक थेंबबी सांडला नाही.

सरल्यावर त्यानं ओठ पुसले, थोडं थांबला, जसा दर हॉटेलात पहिला घास घेऊन थांबे.

"मीठ नाही," म्हने.

"लेकराचं हाय बाबा. तिच्यात टाकत नाही मीठ."

"मंग बरोबर हाय."

तेवढ्यात लेक रडाले लागली. तिले बोंडलं दिसत होतं अन् ते रिकामं होतं. बाबा एकदम शरमला, म्हने, "अरे, मी हिचंच पेलो का सगळं?" सासू म्हने, "पेऊ द्या, नातीचं आज्यानं नाही प्याचं तं कोनी." अन् ती वड्याचं ताट उचलून मांगल्या दारी गेली.

मी म्हनलं, चुलीवरच्या गंजात अजून हाय. उठली, अन् दोघाइसाठी पुन्हा भरून आनलं.